केरातलं सोनं आणि परत येणारं रॉकेट



करोल बागेत बोलायचं म्हणजे सुरुवात गलाईपासूनच करायला हवी. तुमच्यापैकी कित्येकांची मूळ गावं सांगलीकडची, खानापूर-आटपाडीतली. दागिना घडवताना खाली पडलेला कण तर सोडाच, झाडलेला केरसुद्धा तुम्ही भट्टीत घालता आणि त्यातून सोनं काढता.

आता गंमत बघा. माणूस कित्येक दशकं रॉकेट उडवत राहिला आणि बहुतेक वेळा महागड्या इंजिनांसकट समुद्रात टाकत राहिला. मुंबईहून दिल्लीला विमानानं यावं आणि उतरल्यावर विमान मोडीत काढावं, तसा हा प्रकार. मग तिकीट परवडणार कुणाला?

हे चित्र बदलणाऱ्यांत आपल्या कल्याणची एक मुलगी आहे, संजल गावंडे. मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाली, मिशिगनला जाऊन मास्टर्स केलं. नोकरी मिळाली ती मर्क्युरी मरीनमध्ये, म्हणजे बोटींच्या इंजिनांची. मग टोयोटाच्या शर्यतीच्या गाड्या. २०१६मध्ये विमान चालवण्याचा परवानाही काढला. नासात जायचं होतं, पण नागरिकत्वाची अट आडवी आली. पुढे ती ब्लू ओरिजिनमध्ये सिस्टिम्स इंजिनिअर झाली आणि ‘न्यू शेपर्ड’ बनवणाऱ्या चमूत गेली.

न्यू शेपर्ड काय करतं? प्रवाशांची कुपी १०० किलोमीटरच्या वर पाठवतं. कुपी पॅराशूटनं उतरते. रॉकेट मात्र खाली येताना इंजिन पुन्हा पेटवतं, पाय उघडतं आणि उभंच्या उभं जमिनीवर टेकतं. २३ नोव्हेंबर २०१५ला ते असं पहिल्यांदा उतरलं आणि दोनच महिन्यांत तेच रॉकेट पुन्हा उडालं. २० जुलै २०२१ला त्यातून पहिल्यांदा चार माणसं गेली. त्यांत ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. साठच्या दशकात अंतराळवीरांसाठीच्या चाचण्यांत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या, पण बाईला तेव्हा तिथे जागा नव्हती. साठ वर्षं थांबल्या आणि दहा मिनिटांसाठी का होईना, गेल्या.

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांचे चोचले. तिकिटाकडे बघितलं तर खरंच आहे. पण यातली खरी कमाई आहे ती यान सुखरूप परत आणण्याची विद्या. आणि ती सोपी नाही. सप्टेंबर २०२२मध्ये माणसांशिवायच्या एका उड्डाणात इंजिनाचा नॉझल निकामी झाला. रॉकेट गेलं, पण कुपी त्याच क्षणी स्वतःहून दूर झाली आणि नीट उतरली. ‘बिघडलं तर काय?’ हा प्रश्न कुणीतरी आधीच विचारून ठेवला होता, म्हणून. आपली इस्रोही हीच विद्या शिकते आहे. चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेलं ‘पुष्पक’ स्वतःहून धावपट्टीवर उतरलं, ते २०२४मध्ये.

शेजारच्या राजेंद्रनगरातून आलेली परीक्षार्थी मुलं मला मागच्या रांगेत दिसताहेत. त्यांना एवढंच सांगतो. नासाचं दार उघडलं नाही, तेव्हा संजलच्या हातात बोटीचं इंजिन होतं, शर्यतीची गाडी होती. रॉकेटच्या कंपनीत ती पोचली, ती हा अनुभव घेऊनच. एखादा निकाल मनासारखा लागला नाही, तर त्या वर्षांत शिकलेलं केर समजून टाकू नका. गलाईवाल्यांना विचारा, केरात काय असतं ते.