धर्म, मैत्री आणि पोटापाणी

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील गाव. तेथल्या एखाद्या घरी मुलीला मुंबईच्या कॅथलिक कॉलेजात धाडण्याची गोष्ट निघाली, की ओसरीवर तीन प्रश्न उभे राहतात. आजी विचारते, पोरीचा धर्म राहील ना? आई विचारते, सोबतीला कोण भेटेल? वडील विचारतात, पुढे पोटापाण्याचे काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

आजीच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या सहवासात शिकणारे नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. धाकट्या श्रीपतीला न्यायालयाने वडिलांच्या हवाली केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले आणि त्यांना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. हेच नारायण शेषाद्री पुढे जालन्यास मिशनरी झाले. ते मिशन प्रॉटेस्टंट होते खरे. परंतु ओसरीवर बसून हा भेद कोण करतो?

आता दुसरे चित्र पाहावे. मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज जेसुइट पाद्र्यांनी १८६९ साली काढले. आरंभी तेथे जर्मन पाद्री होते. पहिल्या महायुद्धाने त्यांची घडी मोडली आणि पुढे स्पेनमधून मंडळी आली. त्यांपैकी फादर हेन्री हेरास हे १९२२ साली आले. कोणता इतिहास शिकवाल, असे विचारताच त्यांनी आपल्याला न येणारा इतिहास कोणता याचा शोध घेतला, आणि तो हिंदुस्थानचा आहे असे दिसताच तोच शिकविण्याचे ठरविले, असे सांगतात. १९२६ साली त्यांनी इतिहास-संशोधनसंस्था स्थापिली आणि १९२७ मध्ये विजयनगरच्या आरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

याच कॉलेजात दुर्गा भागवत शिकल्या. प्राचीन बौद्ध विनयनियमांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ साली हेरासांच्या संस्थेच्या मालेत निघाला. संस्थापक कॅथलिक संन्यासी, लेखिका मराठी ब्राह्मण घरातील आणि विषय बौद्ध भिक्षूंच्या आचाराचा! येथे कोणी कोणाचा धर्म हिरावून घेतला नाही. मात्र अशा शिक्षणात श्रद्धेला प्रश्न विचारले जातात, हेही आजीपासून लपवू नये. प्रश्न सोसून उरलेली श्रद्धा घरून नेलेल्या श्रद्धेसारखीच दिसेल, असे नाही. जुलमाचा प्रकार मात्र कायद्यानेच वर्ज्य आहे. १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेचे तिसावे कलम अल्पसंख्याकांना विद्यालये चालविण्याचा हक्क देते. अठ्ठावीसावे कलम सांगते की, सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षण लादता येणार नाही.

मैत्रीविषयी आईने निराळी काळजी करावी. मराठी शाळेतून आलेली मुलगी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांत पहिले काही महिने मुकी होऊन बसते. हा एकांत कोणतेही कॉलेज आपोआप दूर करीत नाही. नाटक, खेळ, वनस्पती गोळा करण्याच्या सहली अशा सामाईक उद्योगांतूनच तो सरतो. झेवियरमध्ये नाटके करता करता जमलेली फारूख शेख आणि शबाना आझमी यांची मैत्री याची साक्ष देते. १९९२ मध्ये त्यांनी आरंभलेला ‘तुम्हारी अमृता’ हा पत्रवाचनाचा प्रयोग २०१३ साली फारूख शेख यांच्या निधनापर्यंत चालू राहिला.

उरला वडिलांचा प्रश्न. झेवियरने फादर ब्लॅटर यांच्या हातून १९०६ मध्ये वनस्पतिसंग्रह उभारला. तेथेच शिकविणारे फादर सांतापाव १९६१ ते १९६७ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख होते. सुनील गावसकर याच कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजच्या नावाने दार उघडते. आत बसण्याची जागा ज्याची त्याने मिळवावी लागते. दुर्गाबाईंनी आयुष्य ग्रंथालयात वेचले. १९७५ मध्ये त्या कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणीबाणीला विरोध केला आणि १९७६ मध्ये तुरुंगात गेल्या. याला कोणी भरभराट म्हणणार नाही. पण आपल्या बुद्धीने वागण्याची सवय ज्या शिक्षणाने मोडली नाही, त्याची किंमत वडिलांनी हिशेबात धरावी.

एक गोष्ट हिमायतनगरकरांना नव्याने सांगावयास नको. निजामी अमदानीत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून होते. मराठी घरांतील मुले ते घेऊन आली आणि घरी मराठीच बोलली. १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. तेव्हापासून दूर जाणे ही सक्ती राहिली नाही, निवड झाली. म्हणून निवड करताना तिन्ही प्रश्न मुलीसमोरच विचारावेत आणि शेवटचे उत्तर तिच्या तोंडून ऐकावे. तिने जाण्याचे ठरविले, तर आजीने देवापुढे दिवा लावून तिला निःशंक निरोप द्यावा.