मुदतीचा ताप आणि चिवट जंतू



मुदतीचा ताप आपल्या नरडाण्यात कोणाला ठाऊक नाही? त्याचे जंतू घाण पाण्यातून, उघड्या अन्नातून पोटात जातात. 1948 साली त्यावर क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध लागू पडले. पण 1972 साली केरळात कोळिकोडला साथ आली, तेव्हा ते चालेना!

असे का होते? औषध वाटेल तसे वापरले की लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात. मग त्यांचेच बेणे वाढते.

कोंबड्यांच्या खाद्यातही औषधे घालतात. कोलिस्टिन हे तर माणसाच्या शेवटच्या आधाराचे औषध. 2019 साली सरकारने ते कोंबड्या-जनावरांना देणे बंद केले.

आपण काय करू? डॉक्टरांनी सांगितल्यावाचून गोळी घेणार नाही. दिली तेवढी पुरी घेऊ. पाणी उकळू, अन्न झाकू, हात धुऊ. तापच आला नाही, तर गोळी हवी कशाला?