थंडीतला ट्रॅक्टर आणि बाबांचा बोळा

आज थंडीत रुसणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल बोलू.

मूर्तिजापूरकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. कॅनडासारखं इंजिनला रात्रभर विजेचं हीटर लावायची गरज नाही आपल्याला. तरी जुना ट्रॅक्टर घरघर करून थांबतो. काहून?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, हवा ५०० अंशांच्या वर तापते, त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंड लोखंड नेमकी तीच उष्णता पिऊन टाकतं. वर ऑइल घट्ट, बॅटरी मंद. सेल्फ सावकाश फिरला की हवा पुरेशी तापतच नाही.

आमच्या बाबांचा उपाय म्हणजे काडीला डिझेलचा बोळा, पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशी. ट्रॅक्टर सुरू होतो, खरंय. पण जुन्या एअर क्लीनरच्या तळाला ऑइल असतं, अन् बाजूला कुटाराचा ढीग! यावरून घरात वाजलंच. "तीस वर्षं करतोय," ते म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, आग एकदाच लागते."

आता टर्मिनल घासतो. रेडिएटरात साधं पाणी आहे, ते काढून गरम पाणी टाकतो. उकळतं नाही, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. सेल्फ दहा सेकंद, मग अर्धा मिनिट दम. गोणपाटानं दव अडतं, इंजिन काही रात्रभर गरम राहत नाही.

पाणी आता बाबाच तापवतात. बोळा मात्र शेडमध्ये टांगलेला आहे, फेकू देत नाहीत.