शिट्टी कोणाच्या हाती?



खेळाडूंविषयी आपण पुष्कळ बोलतो. खेळाडू घडविणाऱ्यांविषयी फार थोडे बोलतो. आणि त्या घडविणाऱ्यांना कोण घडवितो, याविषयी तर बोलतच नाही. आजचा आमचा विषय हा तिसरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, मैदान सर्वांना खुले झाले म्हणून प्रशिक्षकाची शिट्टी आपोआप सर्वांच्या हाती येत नाही. त्यासाठी वेगळी वाट मुद्दाम बांधावी लागते.

उत्कृष्ट प्रशिक्षकांना भारत सरकार १९८५ सालापासून जो पुरस्कार देते, त्याला द्रोणाचार्यांचे नाव आहे. पहिल्या मानकऱ्यांत पी. टी. उषा यांचे गुरू ओ. एम. नंबियार होते, कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण द्रोणाचार्य म्हटले की एकलव्य आठवल्यावाचून राहत नाही. त्याला विद्या नाकारली गेली ती त्याचा नेम चुकत होता म्हणून नव्हे. तो निषादाचा पोर होता म्हणून. आज कोणी अंगठा मागत नाही. आज अर्ज मागतात, आणि अर्जातले रकानेच पुष्कळांना परस्पर माघारी धाडतात.

१९६१ साली पतियाळ्याच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडासंस्था निघाली. पुढे १९७३ साली तिला नेताजी सुभाषांचे नाव मिळाले. तोवर आपल्याकडे प्रशिक्षक म्हणजे बहुधा निवृत्त खेळाडू किंवा आखाड्यातले वस्ताद. त्यांच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु असे दीर्घ निवासी शिक्षण घ्यायचे तर पदवी हवी, वरच्या स्पर्धांतली कामगिरी हवी, आणि घरदार सोडून वर्षभर राहण्याची सोय हवी. या अटी दिसायला सर्वांना सारख्या आहेत. पण दोन वर्षांच्या मुलाच्या आईला त्या सारख्या आहेत काय? रोजंदारी बुडाली तर ज्याची चूल बुडते, त्याला? कबड्डी ज्याच्या रक्तात आहे पण इंग्रजी पुस्तक ज्याला परके आहे, त्याला?

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत पदक मिळविते, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. तसेच सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात ते जखमी होऊन अपंग झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक आणले. टाळ्या योग्यच आहेत. पण पाड्यावरची मुलगी धावू शकते, तर ती धावायला शिकवू शकणार नाही काय? पाय अधू झालेला माणूस पोहू शकतो, तर काठावर उभा असलेला वा खुर्चीत बसलेला माणूस पोहणे शिकवू शकणार नाही काय?

कोणी म्हणेल, काळ पुढे जाईल तसे हेही होईल. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला आणि महाविद्यालयांत मुलींच्या खेळाला मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्यापूर्वी मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. कायद्यानंतर खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या. पण शिकविणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या खाली घसरले. पूर्वी हे काम बिनपैशाचे होते. त्याला पगार आणि प्रतिष्ठा आली, तशी माणसे निवडणाऱ्यांची नजर आपल्या ओळखीच्या पुरुषांकडे वळली. २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंत स्त्रिया जवळजवळ निम्म्या होत्या, प्रशिक्षकांत मात्र १३ टक्के.

यावर हमखास येणारा आक्षेप गुणवत्तेचा. अटी सैल केल्या तर दर्जा खालावेल, असे म्हणतात. दर्जा सांभाळलाच पाहिजे. तो शेवटच्या परीक्षेत सांभाळा. दारात आपण जे मोजतो ती गुणवत्ता नसते, पुष्कळदा ती ऐपत असते. सुनीता शर्मा यांनी पतियाळ्याच्या संस्थेतून क्रिकेटचे शिक्षण घेतले, तेव्हा स्त्रीने क्रिकेट शिकवावे ही कल्पनाच चमत्कारिक वाटे. त्यांच्या हाताखाली शिकलेला दीप दासगुप्ता भारताचा यष्टिरक्षक झाला, आणि २००५ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दर्जा कोठे खालावला?

हा केवळ नोकऱ्यांच्या वाटणीचा प्रश्न नाही. २०२३ साली स्त्री मल्लांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची दाद मागण्यासाठी ऑलिंपिक पदकविजेत्यांना दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले. स्त्री प्रशिक्षक नेमली की असे प्रकार थांबतील, इतका सोपा उपाय आम्ही सांगत नाही. त्याला चौकशी आणि शिक्षाच हवी. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मासिक पाळीविषयी, दुखण्याविषयी, भीतीविषयी ज्या माणसापाशी तोंड उघडता येईल, असे एक तरी माणूस मैदानावर असावे की नाही? आणि तेथे पुरुष प्रशिक्षक असेल, तर हे ऐकून घ्यायला त्यालाही कोणी शिकविले असावे की नाही?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षकांचे शिक्षण जिल्ह्याच्या गावी, सुट्ट्यांत, टप्प्याटप्प्याने आणि मराठीतून मिळावे. बुडालेल्या मजुरीपुरती तरी शिष्यवृत्ती असावी. लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी. गावच्या मैदानावर दहा-दहा वर्षे खपलेल्या माणसाचा अनुभव प्रवेशाच्या वेळी जमेस धरावा. आणि अपंग खेळाडूंना कसे शिकवावे, हा विषय ऐच्छिक नव्हे, सर्वांना सक्तीचा करावा.

हे सारे सरकारवर सोपवून आपल्याला घरी जाता येणार नाही. या सभेत शाळांचे चालक असतील, क्रीडामंडळांचे चिटणीस असतील. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, नव्या नेमणुका होतील. समोरच्या अर्जांचा गठ्ठा चाळताना, त्यात कोणाचा अर्ज आलेलाच नाही आणि का आला नाही, एवढे क्षणभर थांबून पाहा. त्यांतल्या एकाला तरी स्वतःहून बोलावून घ्या. आमचे व्याख्यान एवढ्यानेही सार्थकी लागेल.