लकवा झालेला माणूस आधी बसतो का?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी फिजिओथेरपिस्ट. खैरलांजीत कुणाच्याही घरी गेलो की पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, बाबा चालतील केव्हा?" मी उलट विचारतो, "आधाराशिवाय बसतात का?" लोकांना हे आवडत नाही.

मी शिकत असताना माझ्या काकांना लकवा झाला. चौथ्या दिवशी आम्ही भावांनी त्यांना काखेत धरून उभं केलं. पायात जोर आलेला दिसत होता. पकड जरा सैल झाली आणि ते डाव्या अंगावर कोसळले. खुबा मोडला. जोर आम्ही पाहिला, तोल पाहिलाच नाही.

तोल तपासायचा तो बसण्यापासून, तोही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. रुग्णाला खाटेच्या कडेला बसवतात, तळवे जमिनीला टेकवून, हात मांडीवर. तो कलतो का, कुठे कलतो, स्वतः सावरतो का? मग कुशीवर वळणं, उठून बसणं, शेवटी उभं राहणं. फ्रान्समध्ये १९९९ साली याची 'पास' नावाची मोजपट्टी झाली: १२ कसोट्या, ३६ गुण. कॅनडाची 'बर्ग' मोजपट्टी जास्त प्रसिद्ध, १४ कसोट्या आणि ५६ गुण. पण तिच्यात बराच भाग उभं राहण्याचा. खाटेवरच्या माणसाला तिथे गुण मिळणार कुठून? म्हणून सुरुवातीला मला 'पास' बरी वाटते.

काही रुग्ण धडधाकट हाताने स्वतःलाच लुळ्या बाजूकडे ढकलतात. सरळ करायला गेलं तर अडतात. घरचे म्हणतात, हट्टी झाले. हट्ट नाही तो. सरळ म्हणजे काय, हेच मेंदूला चुकीचं कळतं. त्यांना ओढू नका. समोर दाराची चौकट दाखवा, तिच्याशी अंग जुळवायला सांगा.

आपली वैनगंगा पुढे गडचिरोलीकडे जाते. तिथे 'सर्च' संस्थेने ८६ गावांतले दोन वर्षांचे मृत्यू तपासले. १५९९ पैकी २२९ लकव्याने, म्हणजे सर्वांत जास्त. बहुतेक घरीच गेले. तेव्हा हा शहरातला आजार म्हणून सोडून देऊ नका.

उठवताना लुळ्या बाजूला उभे राहा. तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि घाई नको: २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये २१०४ रुग्णांचा अभ्यास आला; पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवलेल्यांचा निकाल उलट कमी चांगला निघाला. आठवडेच्या आठवडे निजवून ठेवा, असा मात्र याचा अर्थ नाही.

काका पुढे काठी घेऊन अंगणापर्यंत येत. खुबा शेवटपर्यंत दुखत राहिला.