सेवकाची चूक आणि सांगणाऱ्याची भाषा



कारभार देवस्थानाचा असो वा पेढीचा, सेवकाची चूक त्यास दाखविणे हे धन्याचे कर्तव्यच होय. परंतु बहुधा एक तर मौन पाळले जाते, नाही तर सभामंडपात चारचौघांदेखत पाणउतारा होतो.

या दृष्टीने शिवछत्रपतींनी १६७४ च्या मे महिन्यात चिपळूणनजीक छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस धाडलेले पत्र मननीय आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून साठविलेला दाणा व वैरण आताच उधळली तर ऐन पावसात घोडी मरतील; मग शिपाई कुणब्याच्या घरचा दाणा, भाकर, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडू लागतील; आणि रयतेस मोगल बरा वाटेल, अशी एकेक कडी महाराजांनी जोडून दाखविली आहे. रात्री दिवा तेवत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत भस्मसात होईल, इतक्या बारकाव्यापर्यंत राजा उतरतो! ताकीद कडक खरी. पण तिच्यात कृती आणि परिणाम दोन्ही स्पष्ट आहेत, आणि ती नुकसान होण्यापूर्वी दिलेली आहे.

१६७५ च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास लिहिलेल्या पत्राचा सूर निराळा. आरमारास ठरलेला पैका व गल्ला पोहोचला नव्हता. भाषा जळजळीत आहे, सुभेदाराच्या हेतूवरही संशय आहे. जंजिऱ्याशी युद्ध चालू असता ते समजण्याजोगे. पावतीपुस्तकातील चुकीवरून मुनिमाशी तसे बोलणे शोभत नाही.

शिवाय देवस्थानात धनी पुष्कळ. सकाळी एक महाजन समईचे तेल वाचवावयास सांगतात, सायंकाळी दुसरे ती मंद म्हणून रागावतात. तेव्हा समितीने हे काम एकाच पदाधिकाऱ्याकडे सोपवावे. त्याने सेवकास बाजूस घेऊन अमुक दिवशीचे अमुक काम दाखवावे, त्याची अडचण ऐकावी, आणि सुधारणा झाली की तेही तितक्याच तत्परतेने बोलून दाखवावे.

भाषेचे भानही हवे. आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरच्या परिसरात, मराठी, तेलुगू व गोंडी शेजारी नांदतात. धन्यास मराठीत सहज वाटणारा शब्द गोंडी बोलणाऱ्या नोकराच्या कानी अपमान म्हणून पडू शकतो. वडील वयाच्या माणसास ‘अहो’ म्हटले, कामाचे दोन शब्द त्याच्या बोलीत सांगितले, तर चुकलेली पावती तो लपवून ठेवणार नाही; ती घेऊन विचारावयास येईल.