शब्दाचा अर्थ आणि त्याचे फल



तत्त्वज्ञानावर बोलण्यास वकिलाला बोलवावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु शब्दाच्या अर्थाचा वाद आम्ही कोर्टात रोज घालतो, आणि तेथे अर्थ फिरला की कोणाची तरी जमीन वा नोकरी जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी रसेल व मूर यांनी केंब्रिज येथे विश्लेषक तत्त्वज्ञानाचा पाया घातला. विधान नेमके काय सांगते ते तपासा, हा त्यांचा आग्रह. ज्यांच्यावर शतकानुशतके शब्दांचेच राज्य चालले, त्या आपणांस तो प्रिय वाटावा असाच आहे. पुढे व्हिएन्नाच्या विद्वानांनी विधानांचे दोन वर्ग पक्के केले: केवळ शब्दार्थाने खरी ती विश्लेषक, अनुभवाने ठरणारी ती संश्लेषक. तत्त्वज्ञाने पहिल्यांची राखण करावी, जगाची चौकशी इतरांनी करावी. विद्या निर्मळ राहिली, पण घरात कोंडली गेली.

अमेरिकेत निराळी परंपरा होती. कल्पनेचा अर्थ हवा असेल तर ती मानल्याने अनुभवात व आचरणात कोणता फरक पडेल ते पाहा, असे चार्ल्स पर्स यांनी १८७८ साली लिहिले. हाच फलप्रामाण्यवाद. ('फायद्याचे तेच खरे' असा त्याचा अर्थ करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.) जॉन ड्यूई यांनी ही रीत शिक्षणात व लोकशाहीच्या विचारात आणली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात असताना ड्यूई त्यांचे गुरू होते, आणि 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात त्यांनी ते ऋण नोंदविले आहे.

१९५१ साली विश्लेषक परंपरेतीलच क्वाइन यांनी त्या दोन वर्गांमधील भिंत पाडली. कोणतेही विधान व्याख्येच्या आड लपून अनुभवापासून कायमचे सुरक्षित राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि हा अधिक कसून पाळलेला फलप्रामाण्यवाद होय, हे त्यांनीच सांगितले.

याचा आपल्याशी संबंध काय? १९५० सालचा अनुसूचित जाती आदेश पाहा. शिखांविषयीचा अपवाद सोडला तर हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे त्यात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांस कायदा जणू म्हणाला: अस्पृश्यता हिंदू धर्मातली, तुम्ही हिंदू नाही, म्हणून तुम्हांस सवलत नाही. तर्क निर्दोष! परंतु गावच्या पाणवठ्याने तो वाचला नव्हता. धर्मांतराने सामाजिक व आर्थिक स्थिती पालटली नाही, एवढेच आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे मांडले, आणि १९९० साली संसदेने आदेशात बौद्धांचा समावेश केला. जे विधान व्याख्येसारखे दिसत होते ते जगाविषयीचे विधान होते, आणि जगाने ते खोटे पाडले. क्वाइन यांना यापेक्षा चांगला साक्षीदार मिळाला नसता.

मात्र फलप्रामाण्यवादाच्या नावाने येणारे सर्वच घ्यावे असे मी म्हणत नाही. रिचर्ड रॉर्टी यांनी १९७९ साली असे सुचविले की ज्ञान जगाचा आरसा नव्हे. आपल्या समाजास जे समर्थनीय वाटते त्यापलीकडे सत्याला आधार नाही. सर्व गाव म्हणते की आमच्या स्पर्शाने पाणी विटाळते. मग ते खरे काय? पर्स यांचे सत्य अधिक कणखर आहे: चौकशी कितीही पुढे नेली तरी जे टिकेल ते. शेरिल मिसाक आज हीच बाजू लढवितात, आणि पुराव्यावर जगणारा वकील म्हणून माझे मत त्यांच्याकडे आहे.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासचा एक ख्रिस्ती झालेला चर्मकार उभा होता. हिंदू चर्मकारांस दिलेला फुकट ठेला त्यास नाकारला होता. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितक्याच तीव्रतेने चालू असल्याचे सिद्ध करा, असे न्यायालयाने म्हटले. प्रश्न योग्यच, फलाचा. परंतु तो पुरावा रस्त्याकडेला जोडे शिवणाऱ्याने कोठून आणावा?